भोंग्यावरची तारली

प्रेवेझा बंदराच्या धक्क्यावर उजाडताना सुरू झालेलं अर्गिरिस मासेवाल्याचं तोंड डोंगरातलं शेवटचं गाव येईपर्यंत मिटायचं नाही. हवा, फुटबॉल, सरकार, मेंढ्यांचे रोग, दुसऱ्यांचे जावई, कशावरही तो बोलायचा. आणि एवढं बोलूनही एका घरची गोष्ट त्याने दुसऱ्या घरी नेली, असं कधी झालं नव्हतं. पाहुणा असेपर्यंत महाग बोय घेणारं आणि पाहुण्याची पाठ वळताच स्वस्त तारलीवर येणारं घर कोणतं, कोणाच्या सुनेला अलीकडे माशाचा वास सोसेनासा झालाय, एकटी राहणारी कोणती बाई दोघांना पुरेल एवढी कोळंबी घेते, हे सगळं त्याला ठाऊक असायचं आणि त्याच्यापाशीच राहायचं. त्याची आई पाठीला टोपली बांधून ह्याच गावांतून मासे विकत हिंडली होती. तिने त्याच्या हातात तराजू दिला त्याच दिवशी सांगितलं होतं, "मासा तोंड उघडतो म्हणून गळाला लागतो. आपण मासे विकायचे, मासा व्हायचं नाही."

ह्या एका गुणाचा त्याला भारी अभिमान. बाकी अभिमान धरावा असं जवळ फारसं नव्हतंच. गाडीचा दरवाजा तारेने बांधलेला, पोट स्टिअरिंगला टेकलेलं, उजवा कान इंजिनाच्या घरघरीने अर्धा गेलेला. "चर्चमध्ये पापा-लेफ्तेरिसनी ऐकल्या नसतील एवढ्या कबुल्या मी गाडीमागे उभा राहून ऐकल्यात," तो बायकोला, स्तामाताला, सांगायचा. "आणि त्यांना निदान देवाचा धाक आहे. मला तोही नाही."

"तुला माझा आहे," स्तामाता म्हणायची, "तेवढा पुरे."

पापा-लेफ्तेरिस हे लिथारीच्या चर्चचे धर्मगुरू, आणि लिथारी हे अर्गिरिसच्या वाटेवरचं शेवटचं गाव. सगळ्यात उंच आणि सगळ्यात खाणारं. खालची गावं पाव किलोसाठी अर्धा तास घासाघीस करायची. लिथारीत पोचलं की पेट्या रिकाम्या व्हायच्या. लिथारी होतं म्हणून डोंगर चढायला अर्थ होता. पण गेली दोन-तीन वर्षं तिथलंही गणित बिघडत चाललं होतं. शनिवारी मुलं-सुना आर्ता शहरातून यायच्या, येताना दुकानातले गोठवलेले मासे आणायच्या. अर्गिरिस भोंगा वाजवत चौकात पोचायचा तेव्हा कोणी डॉक्टरकडे गेलेलं असायचं, कोणी शेळ्यांमागे. अर्धी पेटी तशीच खाली उतरायची, आणि उतरलेल्या माशाला प्रेवेझात कुत्रं विचारत नाही.

शेवटी मुलीने मनावर घेतलं. मिर्सिनी पात्रासला शिकत होती, नाताळच्या सुट्टीत घरी आली होती.

"बाबा, तुम्ही आधी डोंगर चढता आणि मग विचारता, मासे हवेत का. आधी विचारा, मग चढा."

"विचारू कोणाला? किरा एवान्थियाकडे फोन आहे तो नात बघायला." लिथारीतल्या बायकांना तो 'किरा', म्हणजे बाई, म्हणायचा.

"त्याच फोनवर तुम्ही दिसाल. फेसबुकवर पेज काढू."

"माझं थोबाड बघून मासे कोण घेणार गं?"

"तुमचं कशाला? माशांचं दाखवा. ते बरं असतं."

अशा तऱ्हेने 'अर्गिरिस, ताजी मासळी' हे पेज निघालं. रोज सकाळी धक्क्यावरून तो थेट बोलायचा. एका हातात फोन, दुसऱ्या हातात बोय, आणि बोयीचे कल्ले उघडून लालभडक आतलं दाखवत, "बघा, अजून हिला कळलेलंसुद्धा नाही की आपण मेलोय." बडबड्या माणसाला असं काहीतरी हवंच असतं. पण पहिल्या आठवड्यात पेजवर जी माणसं जमली ती मेलबर्नची आणि श्टुटगार्टची. डोंगर सोडून गेलेली. त्यांना तारलीशी कर्तव्य नव्हतं. लिथारीतला चिनार उभा आहे का, झिसिसच्या कॉफीच्या दुकानाला कुठला रंग दिलाय, आमच्या मावशीच्या दारात लाकडं रचलीत का, हे दाखव म्हणायची. अर्गिरिसने चिनार दाखवला, दुकान दाखवलं, मावशीची लाकडं दाखवली. "हा काय फुकटचा धंदा," असं स्तामाताला म्हणत राहिला, पण दाखवत राहिला. मग मेलबर्नहून मावशीला फोन गेला, "अगं, अर्गिरिसच्या पेजवर जा, तू काल दिसलीस, तो स्वेटर टाकून दे आता." मावशी पेजवर गेली. मावशीमागून तिची शेजारीण. महिनाभरात लिथारीतल्या सगळ्या बायका सकाळी कॉफीच्या कपामागे फोन टेकवून अर्गिरिसला बघायला लागल्या.

टाइप करणं कोणाला जमत नव्हतं. बोटं जाड, चष्मा दुसऱ्या खोलीत. मग त्यांना ते बटण सापडलं, दाबून धरायचं आणि बोलायचं. आवाजाचे निरोप धडाधड यायला लागले. त्याला एकट्याला, खासगीत. अर्गिरिस चौकात पोचून निरोप ऐकायचा, ज्याच्या त्याच्या नावाची पिशवी भरायचा, आणि गाडी रिकामी करून खाली यायचा. धंदा पुन्हा पायावर उभा राहिला. मिर्सिनीला त्याने पात्रासला कोळंबीची पेटी पाठवली, तिच्या घरमालकिणीने तीन दिवस वासावरून भांडण काढलं.

आणि मग ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास आला.

ह्या सात आठवड्यांत रक्ताचं काही खायचं नाही. मटण नाही, अंडी नाहीत, चीज नाही, मासेही नाहीत. माकूळ, ऑक्टोपस आणि शिंपल्या ह्यांना रक्त नसतं असं फार पूर्वीच कोणीतरी ठरवून ठेवलंय, देव त्याचं भलं करो, म्हणून मासेवाले जगतात. मधे पंचवीस मार्चला आणि ईस्टरच्या आधीच्या रविवारी माशांना मोकळीक असते, बाकी कडकडीत. निदान लिथारीत तरी. कारण लिथारीत पोलिक्सेनी राहत होती.

पोलिक्सेनीचं घर चौकात, चर्चच्या समोर, आणि तिची खुर्ची खिडकीत. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सात आठवडे ती तेलसुद्धा तोंडात घालायची नाही, शनिवार-रविवार सोडला तर. उकडलेल्या घेवड्याच्या बिया, व्हिनेगर, पाव. एकदा भर उपवासात शेजारच्या एका बाईच्या एप्रनला चीजचा तुकडा चिकटलेला तिला दिसला. तिने नुसतं बोटाने तो उचलून त्या बाईच्या तळहातावर ठेवला. त्या बाईने पुढची दोन वर्षं उपवासात चीज घरातसुद्धा आणलं नाही. गाव देवाला भीत असेल-नसेल, पोलिक्सेनीला भ्यायचं.

तर उपवास लागला आणि खासगी निरोपांचा सूर बदलला. आवाज खाली आले. अर्गिरिसला आपण मासे विकतोय की दारू पोचवतोय तेच कळेना. पिशवीत वर माकूळ, खाली तारली, मधे कागद. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात तसला प्रकार. पण गंमत अशी की प्रत्येकीला वाटत होतं, अख्ख्या लिथारीत पापी ती एकटीच. शेजारणीला कळू देऊ नकोस, असं शेजारीण म्हणायची, आणि तिचीही शेजारीण तेच म्हणायची. अर्गिरिसला आईची आठवण यायची आणि तो तोंडाला कुलूप लावून कागद घालत जायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची; त्याच्या गाडीत तर गावच्या गाव झाकलेलं होतं.

त्यात मार्चच्या गारठ्याने त्याचा घसा बसला. रविवारी मिर्सिनी घरी आली होती, तिने बापाची आरोळी फोनवर रेकॉर्ड केली आणि फोन गाडीच्या टपावरच्या भोंग्याला जोडून दिला. "आता ओरडू नका. बटण दाबलं की फोन ओरडेल. जोडायला तारसुद्धा लागत नाही." जुना मायक्रोफोन तसाच आरशाला लटकत राहिला.

शुक्रवारी तो लिथारीत शिरला तो रेकॉर्ड केलेल्या आरोळीनेच. "माकूळ, ऑक्टोपस, शिंपल्या, उपवासाला ताजं ताजं!" बायका पिशव्या घेऊन बाहेर आल्या. झिसिसच्या दुकानासमोर म्हातारे कॉफी पीत होते. चर्चमधला गायक स्तेर्गिओस संध्याकाळच्या प्रार्थनेची पुस्तकं ऊन दाखवायला बाहेर मांडत होता. पोलिक्सेनी खिडकीत होती. अर्गिरिसने सगळ्यांना हात केला, आरोळी थांबवली, फोन पुढच्या सीटवर ठेवून निरोपांचं बटण दाबलं, आणि पिशव्या भरायला गाडीच्या मागच्या भागात शिरला. तिथे बर्फाच्या मोटरीची घरघर कानाशी. पुढून निरोप ऐकू येत होते, जरा जास्तच स्पष्ट. घसा बरा होतोय तसा कानही बरा होतोय वाटतं, असं त्याच्या मनात आलं.

फोनचा आवाज भोंग्यातून जातोय, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"अर्गिरी, बाळा, मी एवान्थिया," भोंग्याने चौकाला सांगितलं. "अर्धा किलो माकूळ, आणि त्याखाली एक किलो तारली. माकुळाचे पाय पिशवीतून जरा लोंबू देत, म्हणजे पोलिक्सेनीला दिसतील."

एवान्थिया चौकातच उभी होती. मागच्या वर्षीच गुडघ्याचं ऑपरेशन झालेली ती बाई घरात कशी पोचली, हे नंतर तिलाही सांगता आलं नाही.

"मी झिसिस. थोड्या शिंपल्या आण, गिऱ्हाइकांपुढे उपवासाचं काहीतरी ठेवायला लागतं. आणि माझ्यासाठी दोन बोय. मागच्या दाराने ये रे, पुढे पोलिक्सेनी बसलेली असते."

झिसिस हातातला ट्रे तसाच घेऊन आत गेला. म्हातारे मान खाली घालून कॉफीतला गाळ बघू लागले.

"हळू बोलतोय, बायको झोपलीये," भोंगा कुजबुजला, आणि भोंग्याची कुजबुज म्हणजे शेजारच्या डोंगरावरच्या मेंढपाळालाही ऐकू जावी. "स्तेर्गिओस बोलतोय. एक किलो तारली चर्चमागच्या लाकडांत ठेव. बायकोला कळता कामा नये. पोलिक्सेनीलाही."

लगेच पुढचा निरोप. "मी स्तेर्गिओसची बायको. आमच्या ह्यांना सांगू नकोस हं, ते फार कडक पाळतात बिचारे. मला थोडी तारली दे. आणि पोलिक्सेनी बघत नसताना दे."

नवरा-बायको चौकाच्या दोन टोकांना उभे होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर नवं काही कळेल अशी अपेक्षा दोघांनीही सोडलेली होती.

अर्गिरिस पिशव्या दोन्ही हातांत घेऊन गाडीतून खाली उतरला तेव्हा चौक रिकामा होता. चर्चची पुस्तकं उन्हात उघडीच. टेबलांवरच्या कॉफीतून वाफा निघत होत्या. खिडक्यांच्या फळ्या एकामागून एक लागत होत्या, आणि त्याच्या डोक्यावर भोंगा चढ्या आवाजात, अदबीने बोलत होता:

"किर अर्गिरी, मी पापाद्या. नेहमीचा ऑक्टोपस. आणि मांजरासाठी दीड किलो बोय. नीट साफ करून, मांजराला काटे चालत नाहीत. लिंबं असली तर तीही दे दोन."

पापाद्या म्हणजे धर्मगुरूंची बायको; त्यांच्या घराची खिडकी सगळ्यात शेवटी लागली, सावकाश, जणू वाऱ्यानेच लागली असावी.

अर्गिरिसने फोनवर झडप घातली. मग बर्फ वितळून पिशव्यांतून पाणी टपकायला लागेपर्यंत तो तसाच उभा राहिला. एवढी वर्षं सांभाळलेलं एक तोंड, आणि आज त्याच्याशिवायच गाडी बोलून मोकळी झाली होती. लिथारी गेलं, हे त्याला कळून चुकलं. आणि लिथारी गेलं की डोंगरच गेला. पण त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. ह्या बायकांनी त्याला विश्वासाने सांगितलं होतं. त्याला आईसमोर उभं असल्यासारखी लाज वाटली. आई जाऊन किती वर्षं झाली होती.

"किरा एवान्थिया!" त्याने बसक्या घशाने हाक मारली. "अहो, ऐका तरी! चूक झाली!" फळी हलली नाही. त्याने झिसिसचं मागचं दार ठोठावलं. आतून झिसिस म्हणाला, "दुकान बंद आहे." दुकानापुढच्या टेबलांवर गिऱ्हाइकांची कॉफी निवत होती.

एकच दार उघडलं. पोलिक्सेनी काठी टेकत, काळ्या शालीचं टोक ओढत, चौक ओलांडून आली. अर्गिरिसने मान खाली घातली. बोलणी खायची तर एका वेळी सगळी खाल्लेली बरी.

"शिंपल्या आहेत?" तिने विचारलं.

"आहेत, किरा पोलिक्सेनी."

"दे अर्धा किलो." त्याने तोलल्या. शिंपल्या तराजूत वाजल्या. ती बंद खिडक्यांकडे बघत होती. "ह्यांना काय वाटतं रे, मला नाक नाही? तारली तळायची आणि खिडकी लावून घ्यायची. तारलीचा वास खिडकीला विचारून जातो का? तीस वर्षं मी हा वास घेतेय. दर उपवासाला."

अर्गिरिसने मान वर केली. "मग कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? मला वाटायचं, आपापल्या देवाला लाजून लपवतात. म्हटलं, त्यांचा देव आणि त्या बघून घेतील." तिचा आवाज जरा खाली आला. "आज कळलं. एकीनेही देवाचं नाव घेतलं नाही. प्रत्येकीने माझं घेतलं."

अर्गिरिसने शिंपल्यांची पिशवी बांधून तिच्या हातात दिली.

"एवढे उपवास करून मी काय कमावलं, तर हे," ती म्हणाली. "सगळं लिथारी मला बघून पिशवीत कागद घालतं. तरीच उपवास लागला की कोणी दारात येत नाही. मला वाटायचं, थंडीमुळे." तिने शालीने नाक पुसलं आणि काठीने गाडीच्या आरशाकडे दाखवलं. "ते लटकलंय ते बोलायचं यंत्र चालतं का अजून?"

"मायक्रोफोन? चालतो. पण—"

"दे इकडे."

त्याने दिला. तिने तो दोन्ही हातांत मेणबत्तीसारखा धरला आणि घसा खाकरला. खाकरणं दरीपलीकडे जाऊन परत आलं.

"मी पोलिक्सेनी," भोंगा म्हणाला. "मला एक किलो तारली पाहिजे. साफ करून. आणि अर्गिरी, वरती ठेव. खाली नको."

मायक्रोफोन बाजूला धरून, हळू आवाजात, ती त्याला म्हणाली, "मी खाणार नाहीये. पण हे ऐकल्याशिवाय एकही दार उघडायचं नाही. कळलं? आता तोल."

पहिली फळी एवान्थियाची उघडली. मग दार. ती लंगडत लंगडत आली आणि पोलिक्सेनीच्या पिशवीत वाकून बघितलं. तारली खरोखरच वर होती.

"तू पण?" ती म्हणाली.

"मी पण," पोलिक्सेनी म्हणाली.

"कधीपासून गं?"

"माझं पोट आहे, तू कशाला चौकशा करतेस? तुझे माकुळाचे पाय लोंबताहेत, ते घे आधी."

एवान्थियाला हसू फुटलं, आणि ते तिला आवरेना. तिचं हसू ऐकून दुसरं दार उघडलं, तिसरं उघडलं. स्तेर्गिओस आणि त्याची बायको एकत्रच आले. मिळून दोन किलो घेऊ, एकाच कढईत होतील, असं त्यांचं घरात ठरलेलं दिसत होतं. झिसिस पुढच्या दाराने बाहेर आला आणि सगळ्यांदेखत बोय घेऊन गेला. सगळ्यात शेवटी पापाद्या आली, गाल गुलाबी झालेले, आणि म्हणाली की मांजराला आज बरं नाहीये, पण तरी घेते. "मांजराला आमचा नमस्कार सांगा," झिसिस म्हणाला, आणि तीही हसली. कोणी अर्गिरिसला माफ केलं असं बोलून दाखवलं नाही. मासे मात्र सगळ्यांनी घेतले.

गाडी आवरून तो निघणार, तोच पोलिक्सेनीने खिडकीतून बोट हलवून बोलावलं. आत गेला तर कढई चुलीवर होती, पिठात घोळवलेली तारली तेलात चुरचुरत होती, आणि घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या.

"वास सुटला पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर कोण विश्वास ठेवील? बस."

"मी? किरा पोलिक्सेनी, मला अजून खाली—"

"मग कोण खाणार? हाताला तेल लागलं तर चालतं, जिभेला नाही. एक उरता कामा नये. स्तामाताला मी सांगणार नाही."

अर्गिरिस बसला. तिने त्याच्यापुढे किलोभर तारली वाढली, लिंबू पिळलं, आणि स्वतः समोर बसून बशीतल्या बिया एक एक करून खाऊ लागली. उघड्या खिडकीतून चौकातले आवाज येत होते. तो खात होता आणि ती त्याच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघत होती.

"मीठ कसं आहे?"

"बरंय."

"नीट सांग. उद्या मला कोणीतरी विचारणार."

"कमी आहे."

"किती?"

"चिमूटभर."

तिने मान हलवली, शाळेत पाठ करून घ्यावं तशी. "आणि हे तुझ्यामाझ्यात."

"माझं तोंड बंद, किरा पोलिक्सेनी."

"सकाळीही बंदच होतं म्हणे," ती म्हणाली. अर्गिरिसला ठसका लागला, तिने पाणी दिलं. उठताना त्याला धड वाकता येत नव्हतं. आयुष्यात एवढं जड जेवण त्याने इतक्या आदराने कधी खाल्लं नव्हतं.

बातमी डोंगर उतरून त्याच्याआधी खाली पोचली. बुधवारी पेजवर एवान्थियाच्या श्टुटगार्टच्या नातीने लिहिलं, 'लिथारीच्या संतीणबाईसुद्धा तारली खातात म्हणे!' आणि पुढे हसणाऱ्या तोंडांची रांग. मेलबर्न हसलं, आर्ता हसलं. कोणीतरी लिहिलं, म्हातारी एवढी वर्षं आम्हाला घाबरवत होती ती ढोंगीच निघाली. ते वाचून अर्गिरिसच्या अंगाचा तिळपापड झाला. जेवणाच्या टेबलावर बसून एका बोटाने त्याने खरं काय ते टाइप करायला घेतलं. अख्ख्या गावात उपवास करणारी ती एकटीच आहे, आणि त्या दिवशी तिने... इथपर्यंत आला. वाचलं. मग एक एक अक्षर पुसत मागे गेला. स्तामाताने विचारलं, "काय लिहीत होतास?" तो म्हणाला, "उद्याचा भाव."

शुक्रवारी तो वर गेला. भोंग्याची बॅटरीकडे जाणारी तार त्याने घरीच उपटून ठेवली होती, बसक्या घशाने स्वतः ओरडत गेला. चौकात खिडक्या उघड्या होत्या आणि बायका गाडीभोवती जमल्या होत्या, मधे पोलिक्सेनी. तिला कोपरखळ्या चालल्या होत्या आणि ती काठीवर हात ठेवून त्या ऐकून घेत होती.

"काय गं, कशी झाली होती तुझी तारली?" एवान्थियाने विचारलं. "वास तर आमच्या अंगणापर्यंत आला होता."

"मीठ चिमूटभर कमी पडलं," पोलिक्सेनी म्हणाली.

"एवढी वर्षं लपूनछपून तळलीस आणि मिठाचा अंदाज नाही? ये आज माझ्याकडे. चर्चच्या आधी. मी तळते, दोघी बसून खाऊ. उपवासात तू माझ्या घरात पाय ठेवला नाहीस, किती वर्षं झाली."

पोलिक्सेनीचा चेहरा आनंदाने फुलला, आणि लगेच त्यावर अशी काही पंचाईत उमटली की अर्गिरिसला बघवेना. नाही म्हणावं तर दार पुन्हा लागणार. हो म्हणावं तर ताटात तारली.

"येते की," ती म्हणाली, फार हळू.

"अर्गिरी, एक किलो तारली दे," एवान्थिया म्हणाली. "चांगली मोठी बघून."

अर्गिरिसने गाडीत हात घातला. पेटी समोरच होती, काठोकाठ, चांदीसारखी चकचकीत. त्याने बर्फाचं फावडं उचललं आणि पेटीवर बर्फ ओढला.

"तारली संपली, किरा एवान्थिया."

"संपली? सकाळी पेजवर तर अख्खी पेटी दाखवलीस. मी स्वतः बघितली."

"खालच्या गावात एक लग्न निघालं. सगळी नेली त्यांनी."

"उपवासात लग्न?" स्तेर्गिओसची बायको म्हणाली.

"साखरपुडा," अर्गिरिस म्हणाला. त्याच्या कानामागून घाम येत होता. आयुष्यात गिऱ्हाइकाला असलेला मासा नाही म्हणण्याची त्याची ही पहिली वेळ. "शिंपल्या न्या. भात घालून शिजवा दोघींना, झकास होतात. आणि तेल घालू नका, शिंपल्यांची चव मरते."

"बोय?" झिसिसने विचारलं.

"तीही गेली."

एवान्थियाने त्याच्याकडे बघितलं. मग पोलिक्सेनीकडे. मग पुन्हा त्याच्याकडे. काय समजली कोण जाणे, पण शिंपल्या घेतल्या आणि पोलिक्सेनीचा दंड धरला.

"चल गं," ती म्हणाली. "बिनतेलाच्या शिंपल्या खाऊ. मलाही आज हलकंच बरं."

दोघी हळूहळू चौक ओलांडून गेल्या, एकीची काठी आणि दुसरीचा गुडघा सांभाळत. अर्गिरिसने माकूळ आणि ऑक्टोपस विकला, मापात कोणाला चार तुकडे जास्तच दिले, आणि तारलीची भरलेली पेटी घेऊन डोंगर उतरला. प्रेवेझाला पोचेपर्यंत तिच्यावरचा बर्फ वितळून गेला होता. स्तामाताने पेटी बघितली आणि विचारलं, का रे, लिथारीने आज घेतली नाही? तो हातपाय धूत म्हणाला, "नाही. उपवास आहे त्यांचा."